माइक चालूच होता

मी गळ्यात अडकवायचा माइक बोलतोय. सभेतला नाही, लग्नातलाही नाही. काडेपेटीएवढा आहे मी. करड्या रंगाचा, पाठीला चिमटा, कडेला एक बटण आणि त्याच्याजवळ मोहरीएवढा हिरवा दिवा. माझ्यातून आवाज वर्गभर घुमत नाही, तो एकाच माणसाच्या कानात जातो. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या कानयंत्राला माझे दोन छोटे जोडीदार जोडतात, आणि मी ज्याच्या गळ्यात असेन त्याचं बोलणं थेट तिथं नेऊन सोडतो. मध्ये पंखा खडखडत असो, बाकं सरकत असोत, नाहीतर रस्त्यानं वरात चाललेली असो.

लोकांना वाटतं, बटण दाबून बंद केलं की मी बहिरा होतो. तसं नाही. बंद असलो तरी मला ऐकू येतं, फक्त पुढं पोचवता येत नाही. म्हणूनच ही गोष्ट मी सगळी सांगू शकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. कोणीतरी माझ्या तोंडाशी 'हॅलो, हॅलो' केलं आणि मला स्पंजाच्या खोबणीत निजवलं, एवढंच आठवतं. डोळे उघडले ते अमरावतीच्या एका कॉलेजात. तपासणीसाठी कमिटी येणार म्हणून मला विकत घेतलं होतं. कमिटी आली, तिनं मला पाहिलं, 'छान, छान' म्हटलं आणि काजू खाऊन गेली. मग मी कपाटात गेलो आणि तिथंच राहिलो.

तिथून मला बाहेर काढलं हरिहर पाठक सरांनी. सर फिजिक्स शिकवायचे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. अपंग विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा पाहायचं काम त्या वर्षी त्यांच्याकडे आलं होतं. ते काम कोणालाच नको असायचं. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. कोणाला लेखनिक लागतो, कोणाला खालच्या मजल्यावर वर्ग लागतो, हे ते पोरांना बसवून विचारू लागले. अशीच एक दिवस लुबना त्यांच्यापुढं येऊन बसली.

लुबना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अकोल्याची. तिचे अब्बा बद्रुद्दीन गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. कानयंत्र लावून थोडं ऐकू यायचं, बाकीचं ती ओठांवरून वाचायची. पहिलं वर्ष तिनं पुढच्या बाकावर बसून, फळ्याकडं पाहून आणि मैत्रिणीच्या वह्या उतरवून काढलं होतं.

"सर, तुम्ही फळ्याकडे तोंड केलं का मले तुमची फक्त पाठ ऐकू येते," ती म्हणाली.

सर हसले. मग उठले, कपाट उघडलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "हे लावून पाहू."

तो पहिला दिवस मी विसरणार नाही. सरांनी मला शर्टाला अडकवलं, फळ्याकडं तोंड केलं आणि सहज म्हणाले, "तर मंडळी, आज आपण तरंग शिकणार आहोत." मागं वळून पाहतात तो लुबना दोन्ही हात कानांवर धरून बसलेली. डोळे मोठे झालेले. पाठमोऱ्या माणसाचं बोलणं तिनं वर्गात कधीच ऐकलं नव्हतं. सरांच्या छातीत तेव्हा जे काही भरून आलं, ते मला नीट कळलं. मी तिथंच तर होतो.

पुढं असंच ठरून गेलं. तास सुरू व्हायच्या आधी लुबना मला सरांच्या टेबलावर ठेवायची, तास संपला की घेऊन जायची. दुसऱ्या सरांना, मॅडमना द्यायची. माणसं किती तऱ्हेची असतात ते मी त्यांच्या गळ्यात राहून शिकलो. एक मॅडम मला पदराखाली झाकून ठेवायच्या, लाज वाटल्यासारखं. एक सर माझ्याशी ओरडून बोलायचे, जणू मीच बहिरा. पण पाठक सर मला शर्टाचंच एक बटण असावं तसं वागवायचे. लुबनाही त्यांच्या विषयात सगळ्यांच्या पुढं गेली. चाचणीत तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. तिनं त्या दिवशी अकोल्याला व्हिडिओ कॉल करून उत्तरपत्रिकाच अम्मीला दाखवली.

पोळा होऊन गेला होता, तेव्हाची गोष्ट. तास संपला. सरांना प्रयोगशाळेत एक वस्तू ठेवायची होती, ते घाईनं बाहेर पडले, ती ठेवली आणि तसेच स्टाफरूममध्ये शिरले. मी गळ्यातच. हिरवा दिवा चालू.

चंद्रभान राऊत सर तिथं डबा उघडून बसले होते. केमिस्ट्रीचे. मनानं वाईट नव्हते, पण कोणाची तरी चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"काय पाठक सर," ते म्हणाले, "पोळा होऊन गेला तरी गळ्यातली घुंगरमाळ नाही काढली का?"

सगळे खदखदून हसले. पाठक सरांनी मान खाली घालून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता मला काढून बाजूला ठेवतील. पण ते माझ्याकडं नुसतं पाहत राहिले. आणि मग तेही हसले.

"काय करता राजेहो, सरकारचा नियम आहे," ते म्हणाले. "पोरगी नुसती मान हलवत राहते. तिले काय कळते, देव जाणे. मी आपले डोळे झाकून मार्क देतो. पुण्य लागते म्हणतात. शेवटी बापाच्या गाद्याच तर शिवायच्या आहेत तिले."

पुन्हा हशा झाला. राऊत सरांनी त्यांच्यापुढं डबा सरकवला. "घ्या, पुण्यवान माणसा, ठेचा घ्या."

स्टाफरूमच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. मला परत न्यायला लुबना मागोमाग येऊन तिथंच बसली होती. भिंत मधे होती, पण मला भिंत कुठं अडवते? मी माझं काम केलं. एकेक शब्द स्वच्छ, पंख्याचा आवाज वगळून, तिच्या कानांत नेऊन ठेवला.

सर बाहेर आले तेव्हा ती उभी राहिली. रोजच्यासारखाच हात पुढं केला. मला काढताना सरांची नजर हिरव्या दिव्यावर पडली आणि त्यांची बोटं तिथंच थांबली. त्यांनी वर पाहिलं. लुबनाचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा होता.

"थँक यू सर," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिनं ऐकलं असेल का? कदाचित तिनं कानयंत्र काढलेलं असेल. कदाचित ती मैत्रिणीशी बोलत असेल. सरांनी त्या दिवसापासून स्वतःला असं किती समजावलं असेल, त्याचा हिशोब नाही. पण त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर मी नव्हतो. लुबना मागच्या बाकावर बसली होती.

"माइक कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"चार्जिंग नाही, सर."

त्याच्या पुढच्या दिवशीही चार्जिंग नव्हतं. मी तिच्या बॅगेत तळाशी पडून होतो आणि माझी बॅटरी काठोकाठ भरलेली होती.

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली. तोंडी परीक्षेत लुबनाला माइक वापरता येणार होता, आणि प्रश्न कागदावर लिहून द्यायचे ठरलेलं होतं. तो तिचा हक्कच होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सरांच्या टेबलाशी आली आणि तिनं मला तिथं ठेवलं.

"सर, मले सवलत नको. बाकीच्यांचं जसं घेता तसंच माझं घ्या."

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. पोरी, माझं चुकलं, एवढं तरी म्हणतील. पण ते म्हणाले, "बरं. तुझी मर्जी." आणि मला उचलून त्यांनी खिशात टाकलं.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक भल्या मोठ्या मिशांचे होते. वरचा ओठ मिशीत बुडालेला, मान सदा वहीत. डोक्यावर पंखा गरगरत होता. पाठक सर त्यांच्या शेजारीच बसले होते आणि मी सरांच्या खिशात, बंद.

"रेझोनन्स सांगा," परीक्षक वहीत पाहत म्हणाले.

लुबनानं त्यांच्या मिशीकडं पाहिलं. मग तिनं शांतपणे, नीट, एकही शब्द न चुकता रेझिस्टन्स समजावून सांगितला.

परीक्षकांनी मान वर केली. "बेटा, मी विचारलं काय, तू सांगतेस काय?"

तेव्हा सरांचा हात खिशात आला. बोटं माझ्याभोवती वळली. मला बाहेर काढून टेबलावर ठेवायचं आणि 'हिला ऐकू कमी येतं, प्रश्न लिहून द्या' एवढंच म्हणायचं. पण मला टेबलावर ठेवलं असतं तर तिच्या डोळ्यांत पाहावं लागलं असतं. बोटं सैल झाली. हात रिकामाच बाहेर गेला.

परीक्षक आणखी काही विचारत राहिले. ती चुकीची उत्तरं देत राहिली, आणि मग उत्तरं द्यायचीही थांबली. ती तोंडीत नापास झाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळे परत आले, लुबना आली नाही. तिच्या खोलीत राहणाऱ्या जुईलीला सरांनी विचारलं. ती म्हणाली, "ती आता नाही येत म्हणे सर. अब्बाच्या दुकानात बसते."

त्या संध्याकाळी सरांनी चहाचा कप तसाच ठेवला. त्यांच्या बायकोनं, रमाताईंनी, विचारलं, "तुम्ही काही दिवसांचे धड जेवून नाही राहिले. काय झालं?"

सरांनी सगळं सांगितलं. स्टाफरूममधलं, परीक्षेतलं, सगळं. सांगताना त्यांचा आवाज फुटला. मी टेबलावर किल्ल्यांशेजारी पडलो होतो. रमाताईंनी ऐकून घेतलं. डोळे पुसायला रुमाल काही दिला नाही.

"माझ्यापाशी रडून काय होते?" त्या म्हणाल्या. "मले थोडंच काही म्हटलं तुम्ही? जिले म्हटलं तिच्याकडे जा."

रविवारी सर बडनेऱ्याहून गाडीत बसले. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस पांढरा फुलला होता. सर वाटभर खिशात मला चाचपत होते, हरवलो तर बरं असं वाटत असल्यासारखे.

अकोल्यात जुन्या शहरात बद्रुद्दीनभाईंचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पिंजायच्या यंत्राची घरघर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. दुकानात कापसाचे तंतू उडत होते. बद्रुद्दीनभाईंच्या भुवया, दाढी, टोपी सगळं पांढरं झालं होतं. मागं लुबना गादीला टाके घालत बसली होती. कानात यंत्र नव्हतं. त्यामुळं तिला कोण आलं ते कळलं नाही.

"मी लुबनाचा सर. पाठक," सर म्हणाले.

बद्रुद्दीनभाईंनी यंत्र बंद केलं आणि हात झटकत धावतच पुढं आले. "पाठक सर? या, या! अजी सुनती हो, लुबनाचे सर आले!" त्यांनी नव्या गादीवर सरांना बसवलं. "तुमचं नाव रोज निघे घरात. पोरगी म्हने, अब्बा, सरांनी मले पाठीमागून बोलनं ऐकवलं. लई उपकार तुमचे."

'उपकार' शब्द ऐकला आणि सरांनी डोळे मिटले.

नसीमबानो, लुबनाची अम्मी, चहा आणि नानखटाई घेऊन आल्या. आता लुबनानंही पाहिलं. ती उठली नाही. सुई हातात तशीच धरून बसली. सरांनी मला खिशातून काढलं आणि लांबूनच दाखवलं. बोलावं की नाही, असं डोळ्यांनी विचारलं.

लुबनानं माझ्याकडं पाहिलं. मग फडताळातून कानयंत्र काढलं, लावलं आणि म्हणाली, "लावा."

सरांनी मला गळ्यात अडकवलं. हिरवा दिवा लागला. त्यांची छाती इतकी धडधडत होती, की तिच्या कानांत बोलण्याआधी तीच पोचली असणार. त्यांनी आई-बापासमोर ते सगळे शब्द जसेच्या तसे परत उच्चारले. पुण्य, डोळे झाकून मार्क, बापाच्या गाद्या. काही गाळलं नाही. परीक्षेत हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला, तेही सांगितलं.

बद्रुद्दीनभाई दाढीतला कापूस वेचत राहिले.

"या गाद्यांवरच शिकवलं सर मी तिले," ते अखेर म्हणाले. "तुम्ही आमच्या घरी चहा प्यायले. आता म्या काय बोलू?"

नसीमबानो मात्र बोलल्या. "इसलिए वो कान में मशीन नहीं डालती थी. हमको लगा मशीन बिगड गई."

लुबनानं एकच विचारलं. "सर, खरं होतं का ते? मार्क दयेचे होते?"

"नाही. एकही नाही. तुझा पेपर सगळ्यात चांगला होता."

"मग बोलले काहून?"

खोटं बोलायला इथं जागा होती. कामाचा ताण होता, गैरसमज झाला, असं काहीही म्हणता आलं असतं. "ते सगळे हसत होते," सर म्हणाले. "मला त्यांच्यात हसायचं होतं. त्याची किंमत तुझ्या खिशातून दिली."

लुबनाचे डोळे भरले, पण तिनं ते खाली केले नाहीत. "आता तुम्ही म्हनता पेपर चांगला होता. हे बी दयेनंच बोलून राहिले का, मले कसं कळनार सर? आता तर काहीच कळनार नाही मले."

सर एवढंच म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नको. मला न ओळखणाऱ्या, तुला न ओळखणाऱ्या माणसासमोर परीक्षा दे. प्रश्न लिहून मिळतील, माइक मिळेल. तो तुझा हक्क आहे. मी त्या खोलीत नसेन."

ती हो म्हणाली नाही. सर परत निघाले तेव्हा ती दारापर्यंतही आली नाही.

सोमवारी सरांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की परीक्षेत सोय पुरवायची जबाबदारी आपली होती आणि आपण ती टाळली. नंतर ते स्टाफरूममध्ये गेले. राऊत सर, बाकीचे, सगळे होते. सरांनी तिथंही सांगितलं.

"अहो, गंमत होती ते!" राऊत सर म्हणाले. "एवढं काय मनावर घेता?"

"गंमत आपली झाली, शिक्षण तिचं सुटलं," सर म्हणाले.

राऊत सरांनी डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही, पण सरांशी कोणी फारसं बोललंही नाही. विद्यार्थ्यांच्या सोयीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. सरांनी कुरकुर केली नाही.

आणि एक दिवस लुबना आली. सरांसमोर उभी राहिली.

"मी तुमच्यासाठी नाही आली सर," ती म्हणाली. "मले फिजिक्स पायजे."

पुन्हा परीक्षा झाली तेव्हा मी नागपूरहून आलेल्या एका मॅडमच्या गळ्यात होतो. त्यांनी प्रश्न लिहून दिले, वर तोंडीही विचारले, तिच्याकडं तोंड करून. रेझोनन्सही विचारला. लुबनानं असा सांगितला, की मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या आणखी खोलात शिरल्या, नुसत्या हौसेनं. पाठक सर बाहेर जिन्याशी उभे होते. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. तसं व्हायलाच हवं होतं.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या वर्षीचे उरलेले आणि तिसऱ्या वर्षाचे सगळे तास तिनं पुन्हा पुढच्या बाकावर बसून केले. तास सुरू होताना मला सरांच्या टेबलावर ठेवायची आणि संपला की लगेच जागेवरून उठून यायची, हात पुढं करायची. सरांना मला घेऊन वर्गाबाहेर पाऊल टाकायची संधी तिनं पुन्हा कधी दिली नाही. न बोलता, अगदी अदबीनं. सर मला काढून तिच्या तळव्यावर ठेवायचे. त्यांच्या मनाला ते रोज लागायचं, आणि रोज लागावं असंच त्यांना वाटायचं.

निरोपाच्या दिवशी ती मला परत द्यायला आली. आता तिला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचं होतं, आणि तिकडं तिची सोय लागली होती.

"सर, तुम्ही चांगलं शिकवलं," ती म्हणाली. "ते बी खरं हाय, अन् तुम्ही जे बोलले ते बी खरं हाय. मी दोन्ही सोबत घेऊन चालली."

माफी तिनं दिली नाही. सरांनीही मागितली नाही.

सध्या मी धामणगाव रेल्वे या गावाहून येणाऱ्या सोहम नावाच्या विद्यार्थ्याकडं असतो. माझा चिमटा सैल झालाय, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. दर वर्षी नवे शिक्षक आले की पाठक सर त्यांना मला कसं लावायचं ते दाखवतात आणि मग स्वतःची ही गोष्ट सांगतात, स्वतःचं नाव घेऊन. गेल्या वर्षी एका तरुण मॅडमनी विचारलं, "सर, इतकी जुनी गोष्ट दर वेळी कशाला सांगता? तुम्हाला त्रास होतो."

"होतो," सर म्हणाले. "पण मी तिला मदत करत होतो तेव्हाच हे बोललो होतो, बाई. मदत करणाऱ्यालाच समोरच्याला लहान लेखणं जास्त सुचतं."

माझं एवढंच मागणं आहे. उद्या तुमच्याही गळ्यात कोणी मला अडकवेल. समोरचं पोर तुमच्याकडं दान मागायला आलेलं नसतं, ते शिकायला आलेलं असतं. आणि मी निर्जीव, मला तुमचे शब्द गाळता येत नाहीत. तुम्ही जे द्याल ते मी पोचवीन. चांगलंही, वाईटही. एकदा पोचलेलं परत आणायची ताकद मात्र माझ्यात नाही, आणि तुमच्यातही नाही.